स्वतः लिहिलेली थोरवी

शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरला, कोपेश्वर मंदिरात, यादव राजा सिंघण (दुसरा) याचा शके 1136चा शिलालेख आहे. देवाच्या पूजेसाठी गाव दान दिल्याची ती नोंद. अशा दानलेखांत देणाऱ्याची स्तुती ओघाने येतेच. अभ्यासक दानाची नोंद स्वीकारतो. स्तुती मात्र इतर साधनांशी ताडून पाहतो.

विकिपीडियाचा नियम मला याच शिस्तीतला वाटतो. स्वतःचं चरित्र स्वतः लिहू नये. ज्यांचे त्या व्यक्तीशी लागेबांधे नाहीत अशा विश्वासार्ह साधनांनी तिची पुरेशी दखल घेतलेली असावी, हीच ‘उल्लेखनीयता’. मोह मात्र संस्थापकालाही सुटला नाही. जिमी वेल्स यांनी स्वतःच्या पानावरून लॅरी सँगर यांचा सहसंस्थापक हा उल्लेख काढल्याचं 2005 साली उघड झालं आणि टीका झाली.

तरी या नियमाची दुसरी बाजू बोचते. मे 2018 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरच्या लेखाचा मसुदा, संदर्भ अपुरे म्हणून, नाकारला गेला. ऑक्टोबरात त्यांना नोबेल मिळालं. काम आधीच झालेलं होतं. दखल उशिरा आली.

खिद्रापुरातही राजाचं नाव दगडात राहिलं. स्वर्गमंडप घडवणाऱ्या हातांसाठी अशी प्रशस्ती कुणी कोरली नाही.

म्हणून नियम सैल करावा, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या शिक्षिका, कीर्तनकार, नृसिंहवाडीचे नावाडी यांच्याविषयी आधी दुसऱ्यांनी लिहावं, पडताळून छापावं. ज्ञानकोशाची पाळी त्यानंतरची. नाहीतर तिथे पुन्हा शिलालेख कोरून घेण्याची ऐपत असलेलेच उरतील.