बारा जानेवारीनंतरचे दिवस

माझं गाव उंद्री, तालुका चिखली. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. एकाच सर्व्हरवर ताण आला की आम्ही तो वाटून देतो. आमच्या जिल्ह्याच्या पर्यटनात हेच राहून गेलंय.

१२ जानेवारीला, जिजाऊंच्या जन्मदिनी, सिंदखेडराजात पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात मात्र माझ्या चुलतभावाची जीप दारातच उभी असते.

राज्यानं १९७५ मध्ये एमटीडीसी स्थापन केली. सरकारी पैशातून पर्यटक निवास झाले, लोणारलाही झालं. पण खोली बांधली म्हणून माणूस येत नाही, त्याला यायला कारण लागतं.

केरळनं १९८६ मध्ये पर्यटनाला उद्योगाचा दर्जा दिला. पुढे पर्यटक ज्या पावसाला टाळत, त्याचीच सरकारनं जाहिरात केली. कर्किडकम महिन्यातले आयुर्वेदिक उपचार तिथं आधीपासून होतेच. पैसा गेला तो ते जगाला सांगण्यावर.

आपल्याकडे काय कमी आहे? उल्केच्या आघातानं बेसॉल्टमध्ये झालेलं लोणारचं विवर, काठावरची जुनी देवळं, २०२० पासून रामसरचा दर्जा. सिंदखेडराजात लखुजी जाधवांचा वाडा आणि मोती तलाव. तलाव भरलेला बघायचा तर पावसाळ्यातच यायला हवं.

लोणार अभयारण्य आहे. तिथं एकदम गर्दी नकोच, ती वर्षभर पसरायला हवी. शेगावला भाविक बाराही महिने येतात. त्यांच्यापर्यंत ही माहिती पोचवायला आणि ऑगस्टमध्येही पगार मिळणारे स्थानिक गाईड नेमायला पैसा लागला, तर तो मला एका दिवसाच्या मंडपापेक्षा सत्कारणी वाटेल. भावाची जीपही पावसात बाहेर पडेल.