पंचमहाभूते (मराठी परंपरा)

पृथ्वी, आप (जल), तेज (अग्नी), वायू आणि आकाश या पाच तत्त्वांना भारतीय परंपरेत पंचमहाभूते म्हणतात. दृश्य सृष्टी आणि प्राण्यांचे देह यांची घडण या पाचांपासून झाली, अशी ही कल्पना आहे. मराठी वाङ्मयात तिचे सविस्तर निरूपण 'पंचीकरण' या नावाने येते. बालाघाटाच्या डोंगररांगांतील अंबाजोगाई-धर्मापुरी (बीड जिल्हा) हा परिसर या निरूपणाशी विशेष निगडित आहे.

उत्पत्तीचा क्रम

तैत्तिरीय उपनिषदानुसार आत्म्यापासून आकाश, आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, अग्नीपासून जल आणि जलापासून पृथ्वी उत्पन्न झाली. प्रत्येक भूताचा स्वतःचा एक गुण असतो: आकाशाचा शब्द, वायूचा स्पर्श, तेजाचा रूप, जलाचा रस आणि पृथ्वीचा गंध. पुढचे भूत मागच्याचे गुणही धारण करते. त्यामुळे आकाशाला एकच गुण आहे, तर पृथ्वीच्या ठायी पाचही गुण आढळतात. कान, त्वचा, डोळे, जीभ आणि नाक या पाच ज्ञानेंद्रियांची जोड याच क्रमाने लावली जाते. प्रलयाच्या वेळी हा क्रम उलटतो. पृथ्वी जलात, जल तेजात याप्रमाणे प्रत्येक भूत आपल्या कारणात विलीन होते.

भूतांची संख्या सर्व दर्शनांना सारखी मान्य नव्हती. छांदोग्य उपनिषदात तेज, जल व अन्न या तिघांचेच मिश्रण सांगितले आहे. त्याला त्रिवृत्करण म्हणतात. चार्वाकांनी प्रत्यक्ष न दिसणारे आकाश वगळून चारच भूते मानली.

पंचीकरण

सूक्ष्म भूतांपासून स्थूल भूते कशी बनली, हे सांगणारी प्रक्रिया म्हणजे पंचीकरण. प्रत्येक सूक्ष्म भूताचे दोन समान भाग केले जातात. एक अर्धा भाग तसाच राहतो. दुसऱ्या अर्ध्याचे चार भाग होऊन ते उरलेल्या चार भूतांना मिळतात. म्हणून कोणत्याही स्थूल भूतात १/२ अंश स्वतःचा आणि इतर चौघांचा प्रत्येकी १/८ अंश असतो. आपण पाहतो ती माती निव्वळ पृथ्वी नसते आणि विहिरीतले पाणी निव्वळ आप नसते. ज्याचा अंश अधिक, त्याचे नाव त्या पदार्थाला मिळते.

हीच मांडणी देहालाही लावली जाते. अस्थी, मांस, त्वचा, नाडी व रोम ही पृथ्वीची. शुक्र, रक्त, लाळ, मूत्र व स्वेद ही जलाची. क्षुधा, तृषा, आळस, निद्रा व मैथुन ही तेजाची. चलन, वळण, प्रसरण, निरोध व आकुंचन ही वायूची. आणि काम, क्रोध, शोक, मोह व भय ही आकाशाची लक्षणे मानतात. अशी पंचवीस तत्त्वे मोजून 'यांपैकी मी कोणता?' असे साधकाला विचारायला लावणे, हा या गणनेचा मूळ हेतू आहे. ती शरीरशास्त्राची मांडणी नव्हे, आत्मविचाराची पायरी आहे.

मराठी ग्रंथ

मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' हा अद्वैत वेदान्ताचे मराठीत निरूपण करणारा आरंभीचा ग्रंथ असून त्याचा परंपरागत काळ शके १११० (इ.स. ११८८) हा आहे. या ग्रंथाचे स्थळ अंबाजोगाई की वैनगंगेकाठचे आंभोरा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मुकुंदराजांची समाधी म्हणून ओळखले जाणारे स्थान अंबाजोगाईजवळच्या दरीत आहे. ज्ञानेश्वरीत (शके १२१२, इ.स. १२९०) गीतेच्या सातव्या व तेराव्या अध्यायांच्या निमित्ताने महाभूतांचा विचार आला आहे. समर्थ रामदासांच्या दासबोधातील आठव्या दशकात सूक्ष्म व स्थूल पंचमहाभूतांचे निरूपण आहे.

या परंपरेतील सर्वांत वेगळी कृती अंबाजोगाईचे दत्तभक्त कवी दासोपंत (१५५१-१६१५) यांची आहे. त्यांनी पंचीकरणाचा विषय कागदावर न लिहिता अनेक हात लांबीच्या जाड कापडावर लिहिला. तो 'पासोडी' या नावाने ओळखला जातो. ओव्यांच्या जोडीला त्यात आकृत्याही आहेत. तत्त्वांची विभागणी एका दृष्टिक्षेपात दाखवणारा हा जणू भव्य तक्ताच आहे.

मिथके आणि मंदिरे

केन उपनिषदातील कथेत विजयाने गर्विष्ठ झालेल्या देवांपुढे एक यक्ष प्रकट होतो आणि गवताची काडी ठेवतो. अग्नीला ती जाळता येत नाही, वायूला हलवता येत नाही. भूते सामर्थ्यवान असली, तरी त्यांचे सामर्थ्य त्यांचे स्वतःचे नव्हे, असा तिचा आशय आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत पृथ्वी, वायू, आकाश, जल व अग्नी हे पहिले पाच आहेत. पृथ्वीकडून क्षमा, वायूकडून अलिप्तता असे गुण तो शिकतो. दत्तसंप्रदायात हा अवधूत म्हणजे दत्तात्रेय मानला जातो. संत एकनाथांनी याच स्कंधावर 'एकनाथी भागवत' लिहिले.

शैव परंपरेत शिवाला 'अष्टमूर्ती' म्हणतात. पंचमहाभूते, सूर्य, चंद्र व यजमान ही त्याची आठ रूपे होत. दक्षिणेत कांची, तिरुवनैकावल, तिरुवण्णामलै, कालहस्ती व चिदंबरम येथे पाच भूतांची पाच लिंगे पूजली जातात. धर्मापुरी येथील केदारेश्वर मंदिर हे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील, शिल्पसमृद्ध शिवमंदिर आहे.

लोकधर्म

ग्रंथांतील भूते तत्त्वरूप आहेत, तर लोकधर्मात ती जागेला बांधलेली आहेत. विहीर, नदी वा डोहाकाठी मांडलेले सात दगड म्हणजे साती आसरा. 'आसरा' हा शब्द 'अप्सरा' या शब्दापासून आल्याचे मानतात. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवशीला, लातूर-धाराशिव व लगतच्या भागांत शेतात कोप उभारून पाच पांडव म्हणून पाच दगडांची पूजा होते. पाऊस लांबला की कडुलिंबाचा पाला गुंडाळून धोंडी फिरवली जाते. पावसावर जगणाऱ्या प्रदेशात जलदेवतांचे महत्त्व का वाढले, हे यातून कळते. विहीर बुजली की तिथल्या आसरांचे ठाणेही उरत नाही.

सामाजिक अर्थ

सर्वांचे देह त्याच पाच भूतांचे असल्याने जन्मावरून उच्चनीचता ठरत नाही, असा युक्तिवाद या कल्पनेतून सहज निघतो. व्यवहारात मात्र ज्या जलाला देवता मानले, त्याच जलाला स्पर्श करण्याचा अधिकार दलितांना नाकारला गेला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर झालेला सत्याग्रह या विसंगतीवर थेट बोट ठेवतो.

तुलना

ग्रीक तत्त्वज्ञ एम्पेडोक्लीस याने चार मूलतत्त्वे मानली. ॲरिस्टॉटलने त्यांत पाचवे, आकाशीय 'ईथर' जोडले. चिनी परंपरेतील पाच तत्त्वे लाकूड, अग्नी, माती, धातू व पाणी ही आहेत. आधुनिक कल्पित साहित्यात व चित्रमालिकांत परग्रहांचे किंवा काल्पनिक राष्ट्रांचे धर्म पुष्कळदा अशाच तत्त्वांवर बेतलेले असतात. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' (२००५-२००८) या मालिकेत चार तत्त्वांचे चार समाज आहेत. तेथे प्रत्येक समाज एकाच तत्त्वाशी जोडलेला आहे. पंचीकरणात याउलट प्रत्येक भूतात इतर चारही असतातच.

रसायनशास्त्रातील 'मूलद्रव्य' आणि 'महाभूत' या संज्ञा एकच नव्हेत. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये मांडलेल्या आवर्त सारणीत आज ११८ मूलद्रव्ये आहेत आणि पाणी हे त्यांपैकी नसून हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे संयुग आहे. महाभूते हे इंद्रियांच्या अनुभवावरून केलेले जगाचे वर्गीकरण आहे. त्यांची कसोटी प्रयोगशाळेत लागत नाही.