अडकित्ता मोडायचा की ठेवायचा?

सक्करदऱ्यातल्या जुन्या घरांमध्ये माळ्यावर एखादी तरी पत्र्याची ट्रंक असतेच. आमच्याही घरात आहे. तिच्यात आजीचा लोखंडी अडकित्ता, धान्याचं माप, सायकलचा जुना दिवा. मागच्या वर्षी आमच्या नातीनं हे सगळं वेल्डिंगवाल्याकडे न्यायचं काढलं. तिला त्याचा पक्षी करायचा होता. घरात दोन तट पडले. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण त्या दिवशी तोंडातून शब्द निघाला नाही. म्हणून आज इतिहासाला विचारू.

पिकासोनं १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं मुंडकं केलं. कातडी सीट म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगं. बस्स! नागपूरकराला यात नवल वाटायला नको. तान्ह्या पोळ्याला आपण लाकडाला बैल म्हणतो, आणि त्याच दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत चिंध्या, कागद, बांबू यांचा बडग्या होतो. फरक एवढाच, की बडग्या त्याच दिवशी जाळतात. तो जपावा असं कोणाच्या मनातही येत नाही.

जपणारा माणूस पाहायचा तर पुण्याला जावं लागेल. दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं त्यांनी संग्रह उभा केला आणि पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवला. त्यात राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा आम्हांला दिवे, वज्री, अडकित्ते जास्त अडवून धरतात. किती तऱ्हेचे अडकित्ते! पण एकही सुपारी कातरत नाही. हायडेगर म्हणतो ना, हातोडा नीट चालतो तोवर आपल्याला तो दिसतच नाही. अडला की दिसतो. संग्रहालय वस्तूला मुद्दाम अडवतं. आपला अजब बंगलाही १८६३ पासून हेच करतोय.

मग कलावंतानं काय करावं? मुंबईच्या अतुल डोडियांनी पोरबंदरच्या कीर्तिमंदिरात गांधीजींच्या वस्तू मांडलेली काचेची कपाटं पाहिली आणि २००२ च्या सुमारास आपली लाकडी कपाटं केली. आत छायाचित्रं, जुनी अवजारं, कृत्रिम हातपाय. गुजरातेत दंगली झाल्या ते ते वर्ष. तशा कपाटात कुबडी दिसली की संग्रहालयाची शांतता आपल्याला बोचू लागते. इथं वस्तू मोडलेली नाही, नुसती जागा बदलली आहे. आम्हांला ही रीत पिकासोच्या करामतीपेक्षा जास्त पटते, हे कबूल करतो. तरी एक गोष्ट पिकासोच्या बाजूची. कोणाला ते मुंडकं सापडलं तर त्यानं त्याची पुन्हा सायकल करावी, अशा अर्थाचं तो बोलल्याचं सांगतात.

हे आम्ही जेवताना नातीला सांगितलं. ती हसली, काही बोलली नाही.

पक्षी झाला. माप आणि दिवा वेल्डिंगनं जोडले, ते आता गेलेच. मापाचं आम्हांला अजून वाईट वाटतं. चोचीच्या जागी अडकित्ता आहे, पण तो तिनं नटबोल्टनं बसवलाय. दिवाळीत पाहुणे आले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी पाना मागवला, चोच काढली आणि सुपारी कातरायला बसल्या.