कळपाचा हिशेब

इ.स.पू. 585. बाबेलच्या मुलखात, निप्पूर शहराच्या आसपास, खबार कालव्याच्या काठी तुम्ही उभे आहात. हिवाळा आहे. पायाला चिकट गाळ लागतोय, अंगावरच्या लोकरीच्या पांघरुणाला ओल्या मेंढराचा वास येतोय. वस्तीचं नाव तेल-अबीब. भोवतीची माणसं यहूदी. 597 मध्ये यहोयाखीन राजाबरोबर नबुखद्नेस्सरानं यरुशलेमहून उचलून आणलेली.

तिकडून जीव वाचवून एक माणूस नुकताच आलाय. नगर पडलं, एवढंच तो सांगतो. म्हणजे मंदिर गेलं, देवानं दाविदाच्या घराण्याला दिलेला शब्दही गेला, असं तुमच्या शेजारची म्हातारी पुटपुटते. तिला काय सांगणार?

वडीलधारी मंडळी यहेज्केलाच्या घराकडे निघालीत. त्यांच्या मागोमाग आत शिरा, भिंतीला टेकून बसा. संदेष्टा यहेज्केल याजकाच्या घराण्यातला. यरुशलेमला वेढा पडला त्याच सुमारास त्याची बायको वारली. बरेच दिवस त्याची वाचा बंद होती. जीव वाचवून आलेला तो माणूस पोहोचण्याच्या आदल्या संध्याकाळी ती मोकळी झाली. आता तो मेंढपाळांविषयी बोलू लागतो.

हिरवं कुरण आणि संथ पाणी मनात आणू नका. या श्रोत्यांना मेंढपाळकी म्हणजे काय ते पक्कं ठाऊक आहे. कळप मालकाचा, आणि हिशेब राखणाऱ्यानं द्यायचा. श्वापदानं जनावर फाडलं तर उरलेलं पुरावा म्हणून आणून दाखवायचं. मोशेच्या नियमशास्त्रात तसं कलमच आहे. तकोवाचा संदेष्टा आमोस स्वतः मेंढरं राखणारा. सिंहाच्या तोंडातून ओढून काढलेल्या दोन तंगड्या आणि कानाचा तुकडा त्याच्या बोलण्यात येतो, तो याच धंद्यातून.

इथले राजेही स्वतःला मेंढपाळ म्हणवतात. हजारावर वर्षांपूर्वी हम्मुराबीनं आपल्या कायद्याच्या शिळेवर तसं कोरून घेतलं. ज्यानं या लोकांची घरं उठवली, तो नबुखद्नेस्सर आपल्या लेखांत ‘विश्वासू मेंढपाळ’ ही पदवी मिरवतो.

यहेज्केलाचा रोख मात्र आधी आपल्याच माणसांवर आहे. इस्राएलच्या राखणदारांनी लोकर पांघरली, पुष्ट जनावरं कापून खाल्ली. लंगड्याला पट्टी बांधली नाही, चुकलेल्याला शोधायला कुणी गेलं नाही. म्हणून देव त्यांना कामावरून काढतो आणि कळप स्वतःच्या हाती घेतो. ढगाळ, काळोख्या दिवशी जी मेंढरं पांगली, ती जिथं कुठं असतील तिथून तो गोळा करणार. मोडलेलं बांधणार, आजाऱ्याला बळ देणार.

तेविसावं स्तोत्र सगळ्यांच्या तोंडी असतं. मला यहेज्केलाच्या ग्रंथातला हा मेंढपाळांचा अध्याय त्याहून मोठा वाटतो. इथं कळप पांगून झालाय, मंदिराची राख झालीय. कळपावर संकट येणारच नाही, असा देवाच्या विश्वासूपणाचा अर्थ इथं कुणाला लावताच येणार नाही. पांगलेलं एकेक मेंढरू मालक आपल्याच खाती धरतो आणि ते आणायला स्वतः निघतो, हा तो विश्वासूपणा. शेजारच्या म्हातारीला उत्तर मिळालं ते हे.

तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून तुम्हाला माहीत आहे: 539 मध्ये पारसाचा कोरेश बाबेल घेईल, आणि यशयाच्या ग्रंथात त्या परक्या राजालाही देवाचा मेंढपाळ म्हटलं जाईल. यहेज्केल मात्र या बोलण्यात कोणतंही साल सांगत नाही.

मंडळी जरा सैलावलेली दिसतात. तेवढ्यात तो कळपाच्या आतल्या भांडणाकडे वळतो. धष्टपुष्ट मेंढरं खांद्यानं आणि कुशीनं रेटतात, दुबळ्यांना शिंगं मारून हुसकावतात; स्वतः चरून झाल्यावर उरलेला चारा तुडवतात, पाणी पिऊन झालं की पायांनी गढूळ करतात. मेंढरा-मेंढरांतला हा निवाडाही देव स्वतःच करणार आहे, आणि तो ऐकणाऱ्यांत पुढे बसलेत ते वस्तीचे कारभारी.