गिअरच्या पेटीतले तेल

बैलगाडीचा आस कोरडा पडला की करकर वाजून सांगतो. मोटारीची गिअरची पेटी तेल उतरले तरी बरेच दिवस गुपचूप झिजत राहते. म्हणून ते डोळ्यांनीच पाहायचे.

इंग्लंडात ॲबिंग्डनला १९६२ साली एम. जी. बी. ही वेगवान मोटार निघाली. तिच्यात बसल्या जागी, मधल्या उंचवट्यावरचा गालिचा सारून रबरी बूच काढले की तेल मोजण्याची काठी हाती येई. तेल ओतायचेही तिथूनच. आणि तेल कोणते? इंजिनाचेच! दाट तेल मागच्या आसाला. तेच ‘गिअरचे’ म्हणून पेटीत ओतावे, तर त्या काळच्या दाट तेलांतली गंधकाची द्रव्ये आतल्या पितळी कड्या खात.

१९६७ च्या अखेरीस नवी पेटी आली. पहिला गिअर न खरखरता पडू लागला. पण पुढे काठी गेली. आता गाडी सपाट जागी ठेवून खाली शिरायचे, बाजूचे बूच काढायचे, भोकाच्या काठाशी येईतो तेल भरायचे. सुधारणा खरी, पण दर महिन्याला गाडीखाली कोण शिरतो हो?

कारखाना १९८० साली बंद झाला. गाड्या मात्र अजून धावतात, आणि तेल घालण्यापूर्वी जाणता कारागीर आधी विचारतो: पेटी काठीची, की बुचाची?