स्वयं शिक्षण प्रयोग

स्वयं शिक्षण प्रयोग : १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून लातूर आणि धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) जिल्ह्यांत उभी राहिलेली, ग्रामीण स्त्रियांच्या गटांमार्फत बचत, शेती, आरोग्य आणि छोटे उद्योग यांत काम करणारी संस्था. संस्थापक प्रेमा गोपालन (निधन २०२२). पुढे काम नांदेड आणि सोलापूर जिल्ह्यांत, तसेच महाराष्ट्राबाहेरही पसरले. मराठवाड्यातील सामाजिक उद्योजकतेचे हे सर्वांत परिचित उदाहरण. मात्र त्याचा उगम उद्योगात नाही, घरदुरुस्तीत आहे.

संस्थेची मुळे मुंबईत. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांना संघटित केले होते. आपली गणती आपण करायची, अडचणी आपण मांडायच्या आणि शिकवायला तज्ज्ञाऐवजी दुसऱ्या वस्तीतली बाई बोलवायची, ही तिथली रीत. गोपालन या कामात सुरुवातीपासून होत्या. हीच रीत त्यांनी लातूरला आणली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपले होते. या भागातली घरे जाड दगडी भिंतींची, मातीत बांधलेली आणि वर माळवदाची. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद अंगावर आले. सुमारे आठ हजार माणसे गेली. किल्लारी, सास्तूर यांसह बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. छायाचित्रे या गावांची छापली गेली. पण तडे गेलेली, तरी पडली नाहीत अशी घरे याहून कितीतरी जास्त होती, आणि त्यांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः करायचे, असे जागतिक बँकेच्या कर्जावर चाललेल्या शासकीय कार्यक्रमात ठरले.

इथे अडले. अनुदान मंजूर होते, लोकांचा विश्वास नव्हता. दगड-मातीच्या घराने माणसे मारली, तेच घर पुन्हा डागडुजी करून कोण राहणार? सगळ्यांना नवे घर हवे होते. भिंतीत आरपार दगड बसवला, छतावरची माती उतरवली, वर काँक्रीटचा पट्टा दिला की भिंत टिकते, हे अभियंत्याने सांगून पटेना. शासनाने लोकसहभागाची जबाबदारी स्वयं शिक्षण प्रयोगाकडे दिली. बाराशेहून अधिक गावांत महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. अनुदान कोणाला, किती, हप्ता कधी, सिमेंट कुठे, गवंडी बरोबर करतोय का, हे सारे त्यांच्याकडे आले. ज्या बाईने ग्रामपंचायतीची पायरी चढलेली नव्हती, तिच्याकडे गावाची यादी आली. ग्रामसेवक आणि कनिष्ठ अभियंता तिला विचारू लागले. या संस्थेचे खरे भांडवल इथे जमा झाले, असे या नोंदीचे मत आहे. पुढचे सर्व उद्योग त्याच ओळखीवर आणि विश्वासावर चालले.

पुनर्वसन संपत आल्यावर, १९९८ मध्ये, संस्था स्वतंत्रपणे नोंदवली गेली. महिला मंडळांचे बचत गट झाले, गटांचे संघ झाले, त्यांतून कर्ज देणारी ‘सखी समुदाय कोष’ ही कंपनी निघाली. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या, २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतही काम झाले. भाषा येत नसताना हे कसे जमले याचे अनेकांना नवल वाटते. खचलेल्या भिंतीजवळ उभे राहून भिंतीविषयी बोलायला फार भाषा लागत नसावी.

उद्योगांच्या टप्प्यात सर्वांत गाजली ती ‘ऊर्जा’ चूल. ब्रिटिश पेट्रोलियम या कंपनीने आणलेली ही कमी धुराची चूल उसाचे चिपाड, शेंगांची टरफले अशा शेतकचऱ्यापासून केलेल्या पेलेटवर चाले. गावोगावच्या गटांतल्या ‘सख्या’ ती विकत, पेलेटही पुरवत. काही वर्षांनी पेलेट महागले, मूळ कंपनीने अंग काढून घेतले, व्यवसाय हॉटेलांच्या भट्ट्यांकडे वळला आणि घरातली चूल मागे पडली. विकणारीची मेहनत आणि शेजारणीचा तिच्यावरचा विश्वास गावातला, पण इंधनाचा भाव ठरणार बाहेर, हा या रचनेचा कच्चा दुवा होता. नंतर सौरदिवे आणि इतर वस्तूंची विक्री झाली. चुलीच्या धड्यानंतर गावातच पिकणाऱ्या आणि खपणाऱ्या गोष्टींना अधिक महत्त्व आले, असे दिसते.

२०१२ पासूनच्या दुष्काळांत (२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले) ‘एक एकर’ शेतीची पद्धत रुजली. लातूरकडे सोयाबीन, नांदेडकडे कापूस. पैसा त्यावर, आणि पीक गेले की घरात दाणा नाही. बाईने घरच्यांकडून अर्धा-एक एकर स्वतःच्या हुकमतीत मागून घ्यायचा, त्यात ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, भाजीपाला एकत्र घ्यायचा. बियाणे घरचे, खत गांडुळाचे. आधी घर खाईल, उरले ते बाजारात. रोख उत्पन्न मोठे नाही, पण किराणा आणि औषधफवारणीचा खर्च वाचतो. शिवाय काय पेरायचे हे बाई ठरवते.

मर्यादा इथेच आहे. एकर तिच्या हुकमतीत येतो, सातबाऱ्यावर येतोच असे नाही. आणि सातबाऱ्यावर नाव नसेल तर पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई तिच्या नावे मिळणे अवघड. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ अभियानात नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगून नेमक्या या गाठीला हात घातला होता. स्वयं शिक्षण प्रयोगाने समजुतीचा मार्ग धरला. तो लवकर पसरतो, पण त्यामागे कागद नसतो.

संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. २०१८ मध्ये गोपालन यांना भारतातील सामाजिक उद्योजकतेचा श्वाब फाउंडेशनचा पुरस्कार मिळाला. तुलनेसाठी नांदेड जिल्ह्यातील सगरोळी (ता. बिलोली) येथील संस्कृती संवर्धन मंडळ पाहावे. १९५९ पासून चाललेले हे काम शाळेतून सुरू होऊन शेतीकडे आले. आज तिथे कृषी विज्ञान केंद्र आहे.