दीडचा दरवाजा

५ मे २०२४, रविवार. मुलीची नीटची परीक्षा दुपारी दोनला होती, पण केंद्राचा दरवाजा दीडलाच बंद होणार, असं प्रवेशपत्रावर स्पष्ट छापलेलं होतं. राजापूरहून रत्नागिरी गाठायला मी चार तासांहून जास्त वेळ हाताशी ठेवला होता. तो वेळ कसा संपला, ते इथे क्रमाने लिहितो आहे. या क्रमात सावरण्याची संधी एकदा नाही, अनेकदा आली होती.

शनिवार, रात्री ९.०० : उरले साडेसोळा तास

मुलीने प्रवेशपत्र, फोटो, आधार कार्ड आणि पारदर्शक पाण्याची बाटली एका पिशवीत भरून ठेवली. मी गाडीत पेट्रोल भरून आलो होतो. पंपावर चावी पुन्हा अडखळली होती. जानेवारीपासून हे चाललं होतं: आत जाताना अडायची, बाहेर काढताना हिसका द्यावा लागायचा. अकरा वर्षं रोज तीच चावी वापरून तिचे दात झिजले होते. दुसरी चावी कपाटात कोरी करकरीत पडून होती. ती सोबत घ्यावी असं मनात आलं. पण आतापर्यंत चालली तशी उद्याही चालेल, असं म्हणून मी कपाट उघडलं नाही.

रविवार, सकाळी ९.१५ : उरले सव्वाचार तास

निघालो. मंगळवारी, ७ तारखेला, रत्नागिरी-सिंधुदुर्गचं मतदान होतं आणि प्रचाराचा हा शेवटचा दिवस. लांज्यापर्यंत झेंडे लावलेल्या जीपा सारख्या आडव्या येत होत्या. मुलगी मागच्या सीटवर जीवशास्त्राची टिपणं चाळत होती.

सकाळी १०.४० : उरले २ तास ५० मिनिटे

पालीला थांबलो. पोरीच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. हॉटेलसमोर उतार होता आणि आमचा हँडब्रेक जरा सैल. म्हणून मी स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढचं चाक एका दगडाला टेकवलं, इंजिन बंद केलं आणि चावी काढली. स्टिअरिंग किंचित फिरलं आणि आतून ‘खट्’ असा आवाज आला. त्या आवाजाचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

सकाळी ११.०५ : उरले २ तास २५ मिनिटे

चावी आत गेली, पण फिरेना. मी जोर केला. मग बाहेर काढायला गेलो, तर तीही निघेना.

काय झालं होतं, ते आता मला नीट माहीत आहे. चावी काढली की स्टिअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत एक पोलादी खटका शिरतो. चोराला गाडी वळवता येऊ नये म्हणून ती सोय असते. चाक सरळ असेल तर खटका खाचेत मोकळा राहतो. पण आमचं चाक दगडावर रेटलेलं होतं. त्याचा सगळा दाब खटक्यावर आला होता, आणि दाबात अडकलेला खटका चावीने मागे सरकत नव्हता. त्यात चावी झिजलेली. कुलपाच्या आत स्प्रिंगवर बसलेल्या पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. चावीच्या दातांनी त्या सगळ्या एका पातळीत आल्या, तरच कुलूप फिरतं. झिजलेले दात त्यांना अर्धवटच उचलत होते. मी लावलेल्या जोराने चावी किंचित पिळली गेली आणि त्या पट्ट्यांत रुतली.

सकाळी ११.३५ : उरले १ तास ५५ मिनिटे

चार माणसं जमली. प्रत्येकाने एकदा चावी पिळून पाहिली. हॉटेलवाल्यांनी तेल दिलं, मी ते कुलपात सोडलं. तेही चुकलंच. तेलाने घटकाभर बरं वाटतं, पण आतली धूळ त्याला चिकटते आणि पट्ट्या आणखी जड होतात. कुलपाला कोरडी ग्रॅफाइटची पूड लागते.

समोर रत्नागिरीची एसटी उभी होती. मुलगी म्हणाली, “बाबा, मी एसटीने पुढे जाऊ का?”

मी म्हणालो, “पाचच मिनिटं, बाळा. होईलच आता.”

एसटी गेली. त्या दिवसातलं हे वाक्य मला परत घ्यायचं आहे, आणि ते घेता येत नाही.

दुपारी १२.१० : उरला १ तास २० मिनिटे

कुणीतरी पक्कड आणून दिली. मी चावीचं डोकं पकडीत धरलं आणि फिरवलं. ती अगदी सहज फिरली, कारण ती तुटली होती. डोकं माझ्या हातात, पातं कुलपात. गाडीने चावी ओळखावी म्हणून असते ती चिप डोक्यात होती, शाबूत. तिचा आता काही उपयोग नव्हता.

दुपारी १२.३० : उरला १ तास

आता कुठे गाडी सोडून द्यायचं सुचलं. आलेली सहा आसनी खचाखच भरलेली होती. भाड्याच्या जीपा प्रचाराला गेल्या होत्या. एक एसटी न थांबता निघून गेली. मुलगी काही बोलत नव्हती. पिशवी छातीशी धरून ती रस्त्याकडे बघत होती.

दुपारी १२.५५ : उरली ३५ मिनिटे

हापूसच्या पेट्या घेऊन निघालेल्या एका टेम्पोवाल्याने थांबून आम्हाला चढवून घेतलं. परीक्षा आहे हे कळताच त्याने जमेल तितका वेग घेतला. हातखंब्याला रत्नागिरीकडे वळलो तेव्हा वाटलं, पोहोचतोय.

दुपारी १.२४ : उरली ६ मिनिटे

शहरात प्रचाराची मिरवणूक आडवी आली. टेम्पो सोडला आणि दोघंही धावत सुटलो. तिच्या पायात परीक्षेच्या नियमाप्रमाणे चपला होत्या. त्या तिने हातात घेतल्या आणि डांबरावरून अनवाणी धावली.

दुपारी १.३६

दरवाजा बंद होता. आतल्या माणसाने हात जोडले. नियम त्याच्या हातातला नव्हता, आणि तो चूक होता असंही मी म्हणणार नाही. त्या वर्षी नीटला नाव नोंदवलेल्या सुमारे २४ लाख मुलांपैकी ७० हजारांहून जास्त मुलं परीक्षेला बसली नाहीत. त्यांतली एक माझी मुलगी.

दुपारी ४.४५

रत्नागिरीहून एका मेस्त्रींना घेऊन पालीला परतलो. भाचा राजापूरहून कपाटातली चावी घेऊन आला होता. मेस्त्रींनी बारीक आकड्याने तुटलेलं पातं ओढून काढलं आणि नवी चावी घातली. तीही फिरेना.

त्यांनी जोर केला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून ते दोन्ही बाजूंना हलकेच हलवून पाहिलं. एका बाजूला अगदी घट्ट, दुसऱ्या बाजूला जराशी ढील. ढील होती त्या बाजूला त्यांनी ते रेटून धरलं आणि दुसऱ्या हाताने चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. दहा सेकंदही लागले नसतील.

मुलीने विचारलं, “काका, जुन्या चावीनेसुद्धा सकाळी हे झालं असतं?”

“पिळली नव्हती तोवर झालं असतं,” ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर ती झोपली. मी हळू गाडी चालवत राहिलो.

पुढच्या वर्षी, ४ मे २०२५ ला, ती परीक्षेला बसली. आदल्या दिवशीच आम्ही एसटीने रत्नागिरीला जाऊन राहिलो होतो.

तुमच्या गाडीची चावी अडखळत असेल, तर ती बदला. झिजलेल्या चावीवरून नवी कापून घेऊ नका, तिच्याबरोबर झीजही उतरते. उतारावर गाडी उभी करताना दाब चाकावर न ठेवता ब्रेकवर आणि गिअरवर ठेवा. चावी फिरली नाही, तर आधी स्टिअरिंग हलवून बघा. गिअर आपोआप बदलणारी गाडी असेल आणि चावी निघत नसेल, तर दांडा ‘पी’वर नीट बसला आहे ना ते पाहा. पकडीला हात लावू नका.

आणि वेळेला बांधलेलं माणूस सोबत असेल, तर गाडी रस्त्यात सोडा आणि माणसाला आधी पुढे पाठवा.